बोगदा तयार आहे, ट्राम तेवढी येत नाही

सॅन फ्रान्सिस्कोची एफ लाईन ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या ट्रामगाड्यांची लाईन आहे, कॅस्ट्रोपासून निघते, मार्केट स्ट्रीट अख्खा पार करते, फेरी बिल्डिंगपाशी डावीकडे वळते आणि मग एम्बार्कडेरोवरून पाण्याच्या कडेकडेने फिशरमन्स व्हार्फपर्यंत जाते. तिथे जोन्स आणि बीच स्ट्रीटच्या कोपऱ्यावर लाईन संपते. संपते म्हणजे अगदी संपतेच, ड्रायव्हर हँडब्रेक लावून पाय मोकळे करतो, टुरिस्ट उतरून क्रॅब खायला पळतात आणि गाडी वळसा घेऊन परत निघते.

आता गंमत अशी की याच कोपऱ्यापासून पुढे खरी मजेची जागा सुरू होते. तीन-चार ब्लॉकवर अ‍ॅक्वाटिक पार्क, त्याच्या पलीकडे टेकडीवर फोर्ट मेसन, तिथून मरीना ग्रीन, क्रिसी फील्ड आणि शेवटी गोल्डन गेट ब्रिज, सगळं ओळीने, सगळं पाण्याला लागून. यातला फोर्ट मेसन आणि क्रिसी फील्ड हा गोल्डन गेट नॅशनल रिक्रिएशन एरियाचा भाग, म्हणजे नॅशनल पार्क सर्व्हिसची जमीन, वर्षाला साधारण दीड कोटी व्हिजिट्स असलेला पार्क. आणि ट्राम त्याच्या दारापर्यंत येऊन मागे फिरते. जोन्स स्ट्रीटपासून फोर्ट मेसनपर्यंत लाईन न्यायची तर नवीन मार्ग लागतो ०.८५ मैल, म्हणजे दीड किलोमीटरसुद्धा नाही!

म्हणूनच ही लाईन फोर्ट मेसनपर्यंत वाढवा असं मागणं चाललंय. मी हे गेली काही वर्षं बघतोय, वाचतोय, आणि दर वेळी तेच वाटतं की अरे एवढंसं तर राहिलंय.

बरं, मध्ये टेकडी आहे हे खरं. फोर्ट मेसनची टेकडी थेट पाण्यात उतरते, त्यामुळे काठाकाठाने रूळ टाकायचा प्रश्नच येत नाही, आणि वरून न्यायची तर चढ असा आहे की साध्या ट्रामचं ते काम नाही (म्हणून तर या गावात केबल कार निघाल्या). पण टेकडीतून आरपार जाणारा बोगदा आधीच आहे! १९१४ मध्ये बांधलेला. तेव्हा बंदरावर स्टेट बेल्ट रेलरोड नावाची मालगाडीची लाईन चालायची, आणि पुढच्याच वर्षी आताच्या मरीना या वस्तीच्या जागेवर पनामा-पॅसिफिक एक्स्पोझिशन भरणार होतं, १९०६ चा भूकंप पचवून गाव पुन्हा उभं राहिलंय हे जगाला दाखवायचं प्रचंड मोठं प्रदर्शन. त्याचं सामान नेण्यासाठी हा साधारण १५०० फूट लांबीचा, एकाच रुळाचा बोगदा खणला. प्रदर्शनाला पावणेदोन-दोन कोटींच्या घरात लोक आले. ते आटोपलं, मंडप पाडले, त्यातलं पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स लोकांना इतकं आवडलं की ते ठेवलं आणि नंतर साठच्या दशकात पक्क्या काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलं. बोगदा मात्र कामात राहिला, कारण शेजारी लष्कराचा तळ होता. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिककडे जाणारे सोळा लाखांहून जास्त सैनिक सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी बंदरातून गेले आणि त्या सगळ्याचं मुख्यालय फोर्ट मेसनला होतं. म्हणजे विचार करा, एक्स्पोझिशनचं सामान, मग लष्कराचा माल, सगळं ज्या भोकातून गेलं तिथून आज कोणीच जात नाही, तोंडं बंद करून ठेवलीत.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडते. एफ हे अक्षर पूर्वी मरीनालाच जायचं. १९१४ च्या डिसेंबरात स्टॉकटन टनेल उघडला तेव्हा त्यातून एफ-स्टॉकटन नावाची ट्राम सुरू झाली, ती याच एक्स्पोझिशनसाठी. १९५१ मध्ये ती काढून ३० नंबरची बस आणली, ती अजून चालते, आणि चायनाटाऊनमधून जाताना जी काय खच्चून भरते ते ज्याने अनुभवलंय त्यालाच माहीत. म्हणजे आज जे मागणं चाललंय ते फार काही नवीन नाही.

आत्ताची एफ लाईन कशी आली तेही सांगायला हवं, कारण त्यातच सगळी मेख आहे. १९८२ मध्ये केबल कार दुरुस्तीसाठी वीसेक महिने बंद ठेवल्या, मग टुरिस्टांना दाखवायचं काय, म्हणून १९८३ च्या उन्हाळ्यात मार्केट स्ट्रीटवर जुन्या ट्राम काढून फेस्टिवल केला. तात्पुरता. तो लोकांना इतका आवडला की १९८७ पर्यंत दर उन्हाळ्यात चालला, आणि शेवटी १९९५ मध्ये कायमची लाईन सुरू झाली. दरम्यान १९८९ चा लोमा प्रिएटा भूकंप झाला, एम्बार्कडेरोवरच्या दुमजली फ्रीवेला तडे गेले, भरपूर वाद घालून तो १९९१ मध्ये पाडला. फ्रीवे गेला आणि समुद्र दिसायला लागला, आणि त्या मोकळ्या जागेतून २००० साली एफ लाईन व्हार्फपर्यंत पोचली. आज कोणाला सांगितलं की इथे दुमजली फ्रीवे होता तर खरं वाटत नाही.

गाड्यांबद्दल लिहायला बसलो तर वेगळी पोस्ट होईल. बहुतेक पीसीसी आहेत, १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ट्राम कंपन्यांच्या प्रेसिडेंट लोकांनी कमिटी नेमून मोटारींशी टक्कर द्यायला बनवून घेतलेलं डिझाइन, त्यातल्या बऱ्याच फिलाडेल्फियाहून आणलेल्या, १९४० च्या दशकातल्या, आणि प्रत्येक गाडी वेगवेगळ्या गावाच्या जुन्या रंगात रंगवलेली. शिवाय मिलानच्या १९२८ च्या नारिंगी गाड्या, आत लाकडी बाकं आणि अजून इटालियनमधल्या पाट्या. ब्लॅकपूलची बिनछपराची बोट ट्राम आहे, ती फक्त हवा चांगली असली की निघते, म्हणजे इथल्या धुक्याच्या जुलैत कधी निघेल सांगता येत नाही 😀. माझा मुलगा रंग बघून गाडी सोडतो, ही नको, हिरवी येऊ दे, आणि हिरवी यायला मग अर्धा तास.

तर आता मुद्दा. हे एक्स्टेंशन म्हणजे टुरिस्टांसाठी अजून एक खेळणं, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण माझे आई-बाबा.

ज्यांचे आईवडील तिकडून सहा महिन्यांसाठी येतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण दिवसभर ऑफिसमध्ये, त्यांना गाडी चालवता येत नाही किंवा येत असली तरी उजव्या बाजूने चालवायची हिंमत नाही, मग घर, टीव्ही, व्हॉट्सअ‍ॅप. आम्ही त्यांना बार्ट (इथली लोकल ट्रेन) शिकवली, एम्बार्कडेरो स्टेशनला उतरून एफ पकडायला शिकवलं. बाबा तर खूश, लहानपणी दादरच्या ट्राममध्ये बसलेले, मुंबईची ट्राम १९६४ च्या मार्चअखेर बंद झाली तेव्हा ते शाळेत होते, तो घणघणाट ऐकला की पन्नास गोष्टी सुरू. दोघं जोन्स स्ट्रीटपर्यंत मस्त जायचे. पुढे अ‍ॅक्वाटिक पार्कपर्यंतही चालत, सपाट रस्ता आहे, तिथे १९३९ ची ती जहाजासारखी पांढरी बिल्डिंग आहे, पायऱ्यांवर बसून थंडगार पाण्यात पोहणारे लोक बघता येतात ("या वयात? स्वेटर न घालता?" इति आई). पण तिथून फोर्ट मेसन म्हणजे टेकडी चढा, वरून ब्रिजचा व्ह्यू सुंदर आहे यात वाद नाही, आणि मग पलीकडे पुन्हा उतरा. आईचे गुडघे चढायला एकवेळ तयार होतात, उतरायला नाही. त्यामुळे तिच्यासाठी पार्क अ‍ॅक्वाटिक पार्कलाच संपतो, आणि क्रिसी फील्ड म्हणजे शनिवारी मुलगा गाडीने नेईल तेव्हा. तिथे गेल्यावर मुलगा पार्किंग शोधत चकरा मारणार आणि ती दोघं वाऱ्यात उभी राहणार.

आणि हे फक्त आपल्या आईवडिलांचं नाही ना. मार्केट स्ट्रीटला लागून टेंडरलॉइन आहे, छोट्या छोट्या खोल्यांमधून राहणारी कुटुंबं, भरपूर मुलं, आणि मोकळी हिरवी जागा जवळजवळ नाहीच. एफ त्यांच्या अगदी कोपऱ्यावरून जाते. मुनीमध्ये, म्हणजे शहराच्या बस-ट्राम सेवेत, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट आहे (केबल कार सोडून), मोठ्यांना साध्या बसचंच तिकीट. म्हणजे सेव्हन्थ स्ट्रीटला ट्राममध्ये बसायचं आणि गाडी न बदलता थेट फोर्ट मेसनला उतरायचं, समोर ग्रेट मेडोचं भलंमोठं गवत. हा पार्क १९७२ मध्ये झाला तो काँग्रेसमन फिलिप बर्टनच्या खटपटीने, त्याचा पुतळा त्याच गवतावर आहे. त्या वेळची नॅशनल पार्कवाल्यांची भूमिकाच अशी होती की पार्क लोकांपर्यंत न्यायचे, लोकांनी योसेमिटीपर्यंत कशाला यावं. शहराला लागून पार्क झाला. पण शहरात बिनगाडीचे जे लोक राहतात त्यांच्यासाठी शेवटचा मैल तसाच राहिला.

बस आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत. ४९ नंबर व्हॅन नेसने येऊन नॉर्थ पॉइंटला संपते, म्हणजे टेकडीच्या अलीकडेच. २८ गोल्डन गेट ब्रिजकडून लोम्बार्डने येते, चांगली आहे, मी स्वतः वापरतो. ३० बद्दल वर लिहिलंच. पण पाण्याच्या काठाकाठाने, फेरी बिल्डिंग ते फोर्ट मेसन, असं सरळ काहीच नाही, आणि नवीन माणसाला बस बदलायला सांगितली की तो उबर काढतो.

नॅशनल पार्क सर्व्हिसने मुनीला बरोबर घेऊन याचा रीतसर पर्यावरण अभ्यास केला, २०११-१२ च्या सुमारास ते जाडजूड डॉक्युमेंट आलं. मार्ग ठरला, बीच स्ट्रीटवरून अ‍ॅक्वाटिक पार्कजवळून बोगद्यात आणि पलीकडे फोर्ट मेसन. त्यात मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला तो वळसा कुठे घ्यायचा हा भाग. वरवर किरकोळ वाटतो, पण या बहुतेक पीसीसी गाड्यांना ड्रायव्हरची केबिन एकाच टोकाला असते, त्यामुळे शेवटच्या स्टॉपला गोल लूप लागतोच, नाहीतर गाडी परत फिरवायची कशी. दोन पर्याय बघितले, एक खालच्या पार्किंग लॉटमध्ये, एक ग्रेट मेडोच्या बाजूला. माझं मत विचाराल तर पार्किंग घ्या, गवताला हात लावू नका. पार्क गाठायला ट्राम आणायची आणि ती फिरवायला पार्कच खायचा याला काही अर्थ नाही. पार्किंगच्या जागा गेल्या म्हणून ओरड होणार हे धरून चालायचं, पण जे लोक आज गाडी आणतात त्यातले काही तरी ट्रामने येतील म्हणूनच तर हे करायचं ना!

लूप नसला की काय होतं याचं उदाहरण घरातच आहे. ई-एम्बार्कडेरो नावाची लाईन होती, २०१५ मध्ये सुरू झाली, कॅलट्रेन स्टेशनकडून व्हार्फपर्यंत. आयडिया फर्स्ट क्लास, सिलिकॉन व्हॅलीतून कॅलट्रेनने येणाऱ्या माणसाला उतरल्या उतरल्या थेट ट्राम. पण दक्षिणेच्या टोकाला लूप नाही, म्हणून दोन्ही टोकांना केबिन असलेल्याच गाड्या लागायच्या, आणि तशा मोजक्याच. एक गाडी बिघडली की वेळापत्रक कोलमडलं, मग तासन्‌तास गाडी नाही, मग लोक भरवसा ठेवत नाहीत, मग गाड्या रिकाम्या, मग वरून विचारणार की रिकामी लाईन चालवायची कशाला. २०२० मध्ये कोविडमध्ये बंद झाली ती परत आलीच नाही. फोर्ट मेसनचं एक्स्टेंशन जर होणार असेल तर ई लाईनसकट व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे, कॅलट्रेन ते फोर्ट मेसन, एक गाडी, दोन्ही टोकांना सोय. नाहीतर अर्ध्या गावाला त्याचा उपयोगच नाही.

बोगद्याचं काम सोपं नाही हे कबूल. शंभर वर्षांपूर्वीचं बांधकाम, भूकंपाच्या हिशोबाने पूर्ण मजबूत करावं लागेल, वर विजेची तार टाकावी लागेल कारण मालगाडीला ती लागत नव्हती. रुळांची रुंदी तेवढी एकच, दोन्हीकडे स्टँडर्ड गेज. बोगद्यात रूळ एकच, म्हणजे एक गाडी आत असेल तर समोरच्या गाडीने बाहेर थांबायचं. यावरून काही लोक फार घाबरवतात. अहो, १५०० फूट म्हणजे ताशी दहा मैलांनी गेली तरी पावणेदोन मिनिटं! दर दहा मिनिटांनी दोन्ही बाजूंनी एक-एक गाडी असेल तर सिग्नल लावून आरामात होतं.

तारांबद्दलची तक्रार मला थोडी समजते. अ‍ॅक्वाटिक पार्क नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क आहे, त्या पांढऱ्या बिल्डिंगच्या आसपास खांब आणि तारा आल्या तर फोटो बिघडणार. पण तो पार्क १९३० च्या दशकात बांधला तेव्हा तिथून मालगाड्या जातच होत्या, काही ठिकाणी जुने रूळ अजून फरशीत दिसतात. इतिहास जपायचा म्हणता तर त्यात आगगाडी पण येते की. मोटारींनी भरलेली अख्खी पार्किंगची रांग कोणाला खुपत नाही आणि दोन तारा खुपतात, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

पण एक गोष्ट एक्स्टेंशनवाले लोक पण नीट बोलत नाहीत, आणि ती म्हणजे ही लाईन आत्ता कशी चालते. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर व्हार्फवरून डाउनटाऊनकडे यायचं असेल तर पहिल्याच स्टॉपला गाडी भरते, पिअर ३९ ला लोंबकळते, आणि पुढच्या स्टॉपवर उभी असलेली माणसं हात करत राहतात, ड्रायव्हर नाइलाजाने थांबतच नाही. चढायला उंच पायऱ्या, व्हीलचेअरसाठी काही स्टॉपना वेगळा रॅम्प, त्याला वेळ लागतो. कॅस्ट्रोपासून व्हार्फपर्यंत पाऊण तास सहज, गर्दीत तासावर. अशा लाईनला फक्त शेपूट जोडली आणि गाड्या तेवढ्याच ठेवल्या तर दोन गाड्यांमधलं अंतर वाढणार, दुसरं काय होणार.

याला उत्तर एकच, गाड्या वाढवा आणि सकाळच्या वाढवा. टुरिस्ट सकाळी आठला हॉटेलात वॅफल खात असतो, त्याची गर्दी अकरानंतर. मरीनातून डाउनटाऊनला ऑफिसला जाणाऱ्याची गर्दी सात ते नऊ. तोच रूळ, त्याच गाड्या, दोन वेगळ्या वेळा, असा जुळून येणारा मामला ट्रान्सपोर्टमध्ये फार क्वचित मिळतो. पण त्यासाठी लाईनकडे जिवंत म्युझियम म्हणून बघायचं सोडून बस म्हणून बघावं लागेल, बोर्डावर वेळ खरी दिसावी लागेल, आणि रंग बघून गाडी सोडणाऱ्यांनी (घरातले धरून) जरा ऐकावं लागेल.

आणि पैसा. रूळ, बोगदा, खांब हा एकदाचा खर्च, त्यासाठी फेडरल ग्रँट, पार्कचे पैसे, इकडून तिकडून जुळवता येतं, फीत कापायला नेतेही येतात. ड्रायव्हरचा पगार मात्र दर महिन्याला मुनीच्याच खिशातून, आणि मुनीच्या खात्याची अवस्था तर पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, तीस कोटी डॉलरच्या आसपास वर्षाच्या तुटीची भाषा चालू आहे. असलेल्या बसफेऱ्या वाचवायची मारामार असताना नवीन ट्राम मागणं थोडं जिवावर येतं, खरं सांगतो. बेव्ह्यू किंवा व्हिजिटासिऑन व्हॅलीसारख्या गरीब वस्तीतल्या माणसाची बस कापून मरीनाला ट्राम दिली तर ते मला तरी मान्य नाही, मरीना आधीच खाऊनपिऊन सुखी आहे. म्हणून लाईन चालवायच्या खर्चातला वाटा पार्क सर्व्हिसनेही उचलावा असं मला वाटतं. शेवटी लोक त्यांच्या पार्कात जाणार आहेत. अनेक नॅशनल पार्क आत फिरायला शटल बस चालवतातच, इथे बस नाही ट्राम, एवढाच फरक. फोर्ट मेसनमधली थिएटरं, गॅलऱ्या, दर कार्यक्रमाला पार्किंगच्या नावाने रडतात, त्यांनी तिकिटात दोन डॉलर घालून ट्राम पास द्यावा, कोणी नाही म्हणणार नाही.

तोपर्यंत ज्यांच्याकडे आई-बाबा आलेत त्यांच्यासाठी जमलेला मार्ग सांगून ठेवतो. एफने जोन्सपर्यंत जायचं, बीच स्ट्रीटवरून सपाट चालत अ‍ॅक्वाटिक पार्क, तिथे हवा तेवढा वेळ. टेकडी करायचीच नाही. परत मागे नॉर्थ पॉइंटला यायचं, व्हॅन नेसने लोम्बार्डपर्यंत एखादा स्टॉप ४९ घ्यायची, आणि तिथे २८ पकडून थेट ब्रिज. फोर्ट मेसन बघायचाच असेल तर २८ ने लोम्बार्डवर लगुना स्ट्रीटच्या आसपास उतरून खाली चालत जायचं, उतार आहे पण सौम्य आहे. तिथे ग्रीन्स म्हणून १९७९ पासूनचं पूर्ण व्हेजिटेरियन रेस्टॉरंट आहे, खिडकीतून बोटी आणि ब्रिज दिसतो, आधी टेबल बुक करा. बाबांना जेवण "चांगलं आहे पण तिखट नाही" वाटलं, आईने डेझर्ट दोनदा मागवलं. येताना चढ आहे हे लक्षात ठेवा, आणि वारा सुटतो, स्वेटर न्या.